खालच्या पायरीवरची गोंबे

मला बोलता येत नव्हतं असं नाही. लहानपणापासून मी आगाऊच. घरात कुणालाही काही विचारलं की उत्तर आधी माझं यायचं, आणि मोठा भाऊ, अण्णा, वैतागून म्हणायचा, "हिला कुणीतरी स्वल्प गप्प बसायला शिकवा की." तर शिकवलं. सासरी दोन वर्षांत ते शिक्षण पुरं झालं. परत आले तेव्हा माझं तोंड सगळ्या विषयांवर चालायचं, भाजीवर, पाण्याच्या नळावर, वहिनीच्या बाळाच्या नाकावर. पण सासरचा विषय निघाला की घसा बंद. शब्द इथपर्यंत यायचे आणि मग नुसता घाम फुटायचा. लोकांना ते नाटक वाटायचं. मला स्वतःलाही कधी कधी वाटायचं.

आमचं घर शिंप्यांचं. कितव्या पिढीत बेंगळूरला आलो ते कुणालाच नीट ठाऊक नाही. घरात मराठी बोलायचं, ती मराठीसुद्धा अर्धी कानडी झालेली, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की कानडी. वडिलांचं जुन्या पेठेत कोट शिवायचं दुकान होतं. ते गेल्यावर अण्णा दुकान बघू लागला. राजाजीनगर तेव्हा नवं वसत होतं. आमच्या गल्लीत एक घर झालं की शेजारचा प्लॉट नुसता काटेरी झुडपांचा. तिथं आम्ही दोन खोल्या आणि पुढचा व्हरांडा एवढं घर बांधलं होतं. घरात आई, अण्णा, वहिनी आणि त्यांचं तान्हं बाळ. त्या बाळाच्या बारशाला म्हणून मी श्रावणात आले आणि परत गेलेच नाही.

गेले नाही म्हणजे मी काही ठामपणे सांगून राहिले असं समजू नका. तेवढी हिंमत कुठली. जायचा दिवस ठरला की मला ताप भरायचा. खरा ताप, हात लावून बघा म्हणण्यासारखा. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा सासऱ्यांचं पत्र आलं: दसरा झाल्यावर मुलीला पोचती करा, नाहीतर पुन्हा पाठवायचा त्रास घेऊ नका. सासर हुबळीच्या पलीकडे. अण्णानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं गाडीचं रिझर्वेशन करून टाकलं.

अण्णाला वाईट म्हणायचं नाही मला. त्यानं विचारलं होतं. व्हरांड्यात खुर्चीवर बसवून, वहिनीला आत पाठवून, अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "तिथं काही त्रास आहे का? असेल तर सांग. सांगितलंस तर बघू." मी तोंड उघडलं. समोर झुडपांत कुणाची तरी गाय चरत होती, तिच्याकडे बघत राहिले. तो थांबला, बराच थांबला. मग उठून म्हणाला, "म्हणजे काही नाही. उगीच मनाचे खेळ." आणि दुकानाला गेला. त्याचं काय चुकलं? दोन वर्षांत कुणाला एका अक्षरानं काही कळवलं नव्हतं मी. कुणालाच माहीत नाही, असंच मी धरून चालले होते.

मनात मी एवढं मात्र पक्कं ठरवलं होतं की गाडीत बसवलं तर मी हुबळीला पोचणार नाही. कशी पोचणार नाही ते ठरवलं नव्हतं. दिवसा कपडे वाळत घालताना, बाळाला पाजून झाल्यावर वहिनीकडून घेताना, मध्येच तो विचार येऊन शेजारी उभा राहायचा. मला त्याची भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती.

नवरात्र जवळ आलं. आमच्याकडे घट बसतो, आणि इथल्या रीतीनं गोंबेही बसतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून, वर पांढरं धोतर अंथरून बाहुल्या मांडायच्या. सगळ्यांत वर आईला लग्नात मिळालेली लाकडी राजाराणीची जोडी, त्याखाली देव, त्याखाली माणसं, वाणी-वाणीण, लग्नाची वरात, असं काय काय. रोज संध्याकाळी घराचं दार सताड उघडं. गल्लीतल्या मुली "गोंबे कूरिसिद्दीरा?" म्हणजे गोंबे बसवलीत का, असं विचारत घरोघर फिरणार, बायका येणार, हळदकुंकू, भिजवलेल्या डाळीची कोसंबरी, एखादं गाणं. दोन नियम अगदी कडक. एक, दर वर्षी निदान एक तरी नवी बाहुली हवी. आणि दुसरा, पहिल्या दिवशी आरती झाली की दसऱ्यापर्यंत एकही बाहुली जागची हलवायची नाही. दुसरी आणून ठेवली तर चालते. काढायची नाही. आई हे नियम कानडी शेजारणींकडून शिकली होती आणि त्यांच्यापेक्षा जास्त पाळत होती.

खालची पायरी लहानपणापासून माझी. तिथं मी बाग करायची, नाचणी पेरून हिरवळ उगवायची, आरशाचं तळं. त्या वर्षीही आई म्हणाली, "खालची पायरी तूच कर. तेवढंच मन रमेल." मन रमायचं म्हणे. मला चीड आली होती, पण करायला दुसरं होतं काय?

बाजार करायचा ठरवला. अण्णा दुकानातून चिंध्यांची पिशवी आणायचा: कोटाच्या लोकरी कापडाचे तुकडे, अस्तर, कॅनव्हास. दुपारी वहिनी बाळाला घेऊन आडवी झाली की मी मागच्या खोलीत बसायची. बारीक तार वाकवून सांगाडा, त्यावर कॅनव्हास, त्यावर कपडे. बोटाएवढी बाहुली. पहिली केली ती बांगडीवाली. केली म्हणजे करायला घेतली. तिचा एक हात कमरेवर ठेवला, मान थोडी मागे टाकली, आणि पुढ्यात ठेवून बघते तर ती माझी सासू. चेहरा नव्हता अजून, नाक नाही, डोळे नाहीत. तरी तीच. मी हातातली सुई खाली ठेवली. मग टोपलीतल्या बांगड्या काढून टाकल्या आणि तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा शिवला.

त्यानंतर हात थांबेना. मला बोलता येत नव्हतं ते हाताला येत होतं, हे मला आधी कधी कुणी सांगितलं नव्हतं. चूल झाली. चुलीपाशी पालथं ताट झालं, कारण माझं ताट कितीदा तसंच पालथं राहायचं. कोट ज्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाला देतात त्या पुठ्ठ्याची कोठीची खोली झाली, दाराला ब्लाउजचा हूक आणि काजं लावून बाहेरून कडी केली. आत धान्याची पोती, पोत्यांमध्ये मी. मग नवरा. त्याच्या हातात तारेचं उलथणं. एवढं सगळं करून त्याचा कोट मात्र मी असा शिवला म्हणून सांगू, कॉलर बसवलेली, बाहीला तीन बटणं, आतून अस्तर. चांगलं बेंगरूळ शिवायला हवं होतं त्याला. पण शिंप्याची मुलगी ना, वाईट कोट हातून निघेना. त्याच्या समोर दुसरी मी, पाठमोरी. पाठीवर लाल रेशमाचे चार टाके. ती बाहुली मी तीनदा उसवली. टाके घातले की वाटायचं, जास्त लाल झाले. उसवले की वाटायचं, खोटं बोलतेय.

कुणाला दाखवायचं म्हणून हे करत होते का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. पण घटस्थापनेच्या सकाळी, आई न्हाणीत असताना, मी बागेऐवजी ते सगळं खालच्या पायरीवर मांडलं आणि वरून वडिलांचं जुनं उपरणं टाकलं. आईनं विचारलं तर म्हटलं, "आरतीनंतर उघडीन." आई हसली, तिला वाटलं काहीतरी गंमत आहे. आरती झाली, घंटा वाजली, कापूर विझला. मी उपरणं काढलं.

वहिनीनं आधी बघितलं. तिच्या कडेवर बाळ होतं. ती वाकली, नीट बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, इकडे या." अण्णा आला. त्याला समजायला वेळ लागला, मग एकदम समजलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "काढ हे," तो म्हणाला.

मी उपरण्याची घडी घालत राहिले.

"आई, तिला सांग काढायला."

आईच्या हातात आरतीचं ताट तसंच होतं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आरती झाली."

"मग?"

"बसवलेली गोंबे हलवत नाहीत."

"ही गोंबे आहेत? घराची अब्रू मांडून ठेवलीय पायरीवर."

"हलवत नाहीत म्हटलं की," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला. पाठीवरच्या टाक्यांबद्दल एक शब्द नाही, चुलीबद्दल नाही, आणि नियम तेवढा आठवला.

संध्याकाळी दार लावून घ्यायचं असं अण्णानं सुचवलं. वहिनी म्हणाली, नवरात्रात दार लावलं तर घरात कोण गेलं म्हणून अख्खी गल्ली विचारायला येईल. शेवटी खालच्या पायरीपुढे टॉवेल टांगला. गल्लीतल्या मुली आल्या त्या आधी टॉवेलच उचलून आत बघू लागल्या. मुलींना झाकलेलं दिसलं की दुसरं काही दिसत नाही. मग त्यांच्या आया वाकल्या. गाणं कुणी म्हटलं नाही. हळदकुंकू घेतलं, कोसंबरी पानात बांधून घेतली आणि सगळ्याजणी कशा निघून गेल्या ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. तिसऱ्या दिवशी कुणी नाही.

तो तिसरा दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. दार उघडं, समई लावलेली, पाटावर हळदकुंकवाची कोयरी, कोसंबरी पातेलं भरून, आणि गल्लीतून बायका रेशमी साड्या नेसून आमच्या दारावरून पुढच्या घरी जाताहेत. एकीनं तर आमच्या घराशी पोचल्यावर पदर सावरून दुसरीकडे तोंड केलं. वहिनी उंबऱ्यात बसून रडायला लागली. तिच्या धाकट्या बहिणीचं याच भागात जमत आलं होतं. "तुमचं तुम्ही बघा, पण आमच्या लोकांनी काय केलं होतं तुमचं?" असं ती म्हणाली. ती बरोबरच बोलत होती.

अण्णा दुकानातून आला, पातेल्याकडे बघितलं, चपला काढल्या. चिडला असता तर बरं झालं असतं. थकल्या आवाजात म्हणाला, "इथं तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आता तर तिथंच जावं लागेल तुला. समजतंय का?" समजत होतं. मीच माझ्या हातानं माझी माहेरची वाट बंद करून ठेवली होती. तोवर निदान ताप तरी येत होता. आता तापानंही काही होणार नव्हतं. ती कोसंबरी आम्ही दुसऱ्या दिवशी गाईला घातली.

चौथ्या दिवशी दुपारी मी ठरवलं की जाऊ दे, नियम गेला खड्ड्यात, सगळं काढून चुलीत घालते. बाहुल्या जळाल्या तर निदान वहिनीच्या बहिणीचं लग्न होईल. माझं जे व्हायचं ते होईलच. टॉवेल काढला, हात घातला आणि व्हरांड्यात कुणीतरी खाकरलं.

कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून. तमिळ. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, नळावर खाली मान घालून उभी राहायची, तिचा आवाज मी ऐकला नव्हता. मला तमिळ येत नाही, तिला मराठी नाही. कानडी ती मोडकी बोलायची. तिनं मूठ पुढे केली. मुठीत एका जुन्या लुगड्याच्या काठाची गुंडाळी होती, दोऱ्यानं मानेशी आवळलेली. हात नाहीत, पाय नाहीत. "इडला?" तिनं विचारलं. ठेवू का? मी बाजूला झाले. तिनं ती बाहुली कोठीच्या खोलीशेजारी ठेवली, आणि जाताना पुन्हा मागे वळून तिचं तोंड भिंतीकडे केलं. मग गेली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. आई आतून बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी दोघी आल्या. संध्याकाळी नाही, बरं का. संध्याकाळी आमचं दार तसंच ओस. दुपारी, नवरे कारखान्यात, मुलं शाळेत, तेव्हा एकेकट्या यायच्या. कुणी खेळण्यातली चूल आणली. कुणी काडेपेटीचा पाळणा करून आणला, रिकामा, आणि ठेवून झाल्यावर बोटानं जरा हलवून बघितला. एक थोराड बाई, जिच्या घरातून रोज रेडिओचा आवाज यायचा आणि जिला मी गल्लीतली सगळ्यांत सुखी बाई समजत होते, तिनं फक्त एक छोटं कुलूप आणलं. मी तिला काही विचारलं नाही. तिनंच मला विचारलं, पाठमोऱ्या बाहुलीकडे बोट करून, "हे काय आहे पाठीवर?" कानडीत विचारलं.

आणि मी सांगितलं. कानडीत. उलथणं कसं तापलं होतं, का तापलं होतं, त्या दिवशी भाकरी करपली होती की नव्हती, सगळं. घसा बंद झाला नाही. घामसुद्धा नाही. मला माझंच आश्चर्य वाटलं. मराठीत जे आईला, अण्णाला सांगायला जात होते ते अडत होतं. बाहेरच्या भाषेत, बाहेरच्या बाईला, ते सरळ निघून गेलं. ती ऐकून म्हणाली, "हं." बस्स, तेवढंच. माझ्या हातावर हात ठेवला, तिचा हात गरम होता, नुकती इडलीच्या वाफेतून उठून आल्यासारखा. त्यानंतर जी येईल तिला मी सांगत गेले. दर खेपेला थोडं जास्त, थोडं नीट. सातव्या दिवशी खालच्या पायरीवर जागा उरली नाही, तेव्हा आम्ही खाली जमिनीवर पाट टाकला.

हे सगळं दुपारचं. अण्णाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त पाटावर बाहुल्या वाढलेल्या दिसायच्या, त्या मीच करतेय असं त्याला वाटायचं. रिझर्वेशन तसंच होतं. वहिनीनं माझी ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली, पुसून. दुपारी जीव हलका व्हायचा आणि संध्याकाळी ट्रंक दिसली की मी तिला वळसा घालून जायची. या बायका येऊन काय उपयोग? एकीच्याही हातात माझं काही नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या हातात त्यांचं नव्हतं. मी गेल्यावर त्या चार दिवस हळहळतील, आणि मग काय? मला आशा बिशा वाटत होती असं कुणी समजू नये. नवमीच्या सकाळी मी आईकडून तिची एक जुनी साडी मागून घेतली, नेसायला नाही, नुसती बरोबर असावी म्हणून.

नवमीच्या संध्याकाळी समोरच्या अक्का आल्या. या अक्का कोण ते सांगायला पाहिजे. गल्लीतल्या सगळ्यांत वयस्क बाई, विधवा, कडक. आमचं घर बांधत असताना वर्षभर पाणी त्यांच्या विहिरीवरून आलं होतं. अण्णा त्यांच्यासमोर उभा राहूनच बोलायचा. त्या आत्तापर्यंत एकदाही आल्या नव्हत्या, आणि त्या आल्या नाहीत म्हणूनच संध्याकाळी बाकीच्या येत नाहीत, असं वहिनीचं म्हणणं. त्या आल्या त्या एकट्या नाहीत. मागे रेडिओवाली बाई, कोपऱ्यावरची सून, आणखी चारपाच. सगळ्या दुपारच्याच. अण्णा नुकताच दुकानातून येऊन दारात उभा होता, त्याला बाजूला सरावं लागलं.

अक्का खाली बसल्या. चष्मा लावला. टॉवेल स्वतःच्या हातानं काढून घडी करून बाजूला ठेवला आणि एकेक बाहुली बघू लागल्या. नवऱ्याच्या कोटाची बाही त्यांनी बोटानं चाचपून बघितली. मग त्या पाठमोऱ्या बाहुलीपाशी आल्या, आणि तिथून त्यांची नजर हलली नाही. मला वाटलं, आता काहीतरी नियमाचं बोलणार, की असली गोंबे बसवत नाहीत.

त्या आईकडे वळल्या. "गोत्तित्ता?" त्यांनी विचारलं. माहीत होतं का तुला?

आई कुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. नाही म्हणायला तिला काय लागत होतं? एक शब्द. सगळ्यांनी मान डोलावली असती, बिचारी आई, तिला काय ठाऊक, असं म्हटलं असतं. मीसुद्धा म्हटलं असतं.

"गोत्तित्तु," आई म्हणाली. माहीत होतं.

मग ती कोयरी खाली ठेवून मराठीतच बोलायला लागली, कुणाला कळतंय न कळतंय याची पर्वा न करता. गेल्या दिवाळीला ही आली होती. पहाटे मी हिच्या पाठीला तेल लावत होते. पणतीचा उजेड होता. माझ्या हाताला आधी लागलं, मग दिसलं. मी हात तिथून बाजूनं फिरवला. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला तिला ठेवून घ्यावं लागलं असतं. वडील गेलेले, याचं नुकतंच लग्न झालेलं. मी विचारलं नाही. भाऊबीज झाल्यावर मी हिला गाडीत बसवून दिलं. स्वतः डबा बांधून दिला.

अण्णा म्हणाला, "आई." एवढंच.

मला तो हात आठवला. खरंच आठवला. तेल लावता लावता तो हात एके ठिकाणी थांबला होता आणि मग वळून खांद्याकडे गेला होता. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बरं झालं, अंधारात आईला दिसलं नाही, तिला उगीच त्रास झाला असता. वर्षभर मी तिला जपत होते.

अक्कांनी चष्मा काढला. त्यांना आईचं मराठी सगळं कळलं असेल असं नाही, पण कळायचं ते कळलं होतं. त्या अण्णाला म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं, "मग आता तू काय करणार?" आणि उत्तराची वाट बघत बसून राहिल्या. बाकीच्याही बसल्या. कुणी उठेना. हळदकुंकू झालेलं नाही, कोसंबरी दिलेली नाही, आणि घर भरून बायका माझ्या भावाकडे बघताहेत. तो कधी माझ्याकडे बघे, कधी ट्रंकेकडे. शेवटी व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाला, "उद्या लिहून टाकतो. ती येणार नाही म्हणून."

त्यानं तसं लिहिलं. पुढे जे व्हायचं ते झालं. सासरची माणसं आली, बोलली, नाही नाही ते बोलली. वहिनीच्या बहिणीचं तिथलं मोडलं. दुसरीकडे जमलं, पण वहिनी मला त्यासाठी कितीतरी वर्षं टोचत राहिली आणि मी ऐकून घेतलं. मी अण्णाच्या दुकानात कोटाचं हातकाम करायला लागले. गोंबे दर वर्षी बसवली. गल्लीतल्या बायका श्रावणापासूनच विचारायच्या, यंदा खालच्या पायरीवर काय? कधी त्यांचं असायचं, कधी माझं. मी कोण असं मला कुणी विचारलं तर शिंपीण म्हणून सांगते, आणि ते मला त्या वर्षी कळलं.

पण त्या नवमीचं राहिलं. बायका गेल्या. वहिनी बाळाला निजवायला आत गेली. मी पाटावरचं कुंकू पुसत होते. आई मागून आली आणि तिनं माझ्या पाठीवर पोलक्यावरूनच हात ठेवला. बरोबर त्याच जागेवर. तिला जागा पाठ होती.

"अजून दुखतं का गं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. जखम भरून किती महिने झाले होते. दिवाळीत दुखत होतं.